अर्धा क्विंटल आणि चार मिलिसेकंद

दिवाळी झाली, पाहुणे गेले आणि मी आणखी चार दिवस अहमदपूरला राहिले. मोंढा पुन्हा सुरू झाला होता. लातूर–नांदेड रस्त्यावर सोयाबीनचे कट्टे भरलेले ट्रॅक्टर सकाळपासून लागलेले. धाकटा भाऊ इथेच असतो. मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी त्याने पट्टीचा प्रोग्राम लिहिलाय. मी पुण्यात गेली अकरा वर्षं हेच काम करते, त्यामुळे संध्याकाळी चहाचा कप घेऊन तो समोर येऊन बसला, तेव्हाच कळलं की याचं काहीतरी अडलंय.

"ताई, एक टेस्ट आहे. दहा वेळा चालवली की सात वेळा पास, तीन वेळा फेल. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही. टेस्टच खोटी बोलायलीय. काढून टाकू का?"

"टेस्ट काय तपासते ते आधी सांग."

त्याचं काम थोडक्यात असं. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढतो, वजनाची पावती होते, सौदा ठरतो. मग वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं धरून पट्टी निघते. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा शेवटचा हिशोब. दर वेळी सगळा हिशोब नव्याने करायला नको म्हणून भावाने एक नियम केला होता. वजनाच्या पावत्यांची फाइल पट्टीच्या फाइलपेक्षा नवी असेल तरच पट्टी पुन्हा काढायची, नाहीतर आहे तीच छापायची. नवी-जुनी ठरवायची ती फाइलवरच्या वेळेवरून. कॉम्प्युटर प्रत्येक फाइलवर शेवटच्या बदलाची वेळ मारून ठेवतो, सरकारी ऑफिसात आलेल्या अर्जावर आवकचा शिक्का पडतो तशी.

टेस्ट याच नियमाची. एक पावती लिहायची, वजन 48.20 क्विंटल. पट्टी काढायची. पावतीत दुरुस्ती करायची, 48.70. पुन्हा पट्टी मागायची. नव्या पट्टीत 48.70 दिसलं की पास. आणि दहातून तीनदा तिथे 48.20 च दिसत होतं.

"जुन्या लॅपटॉपवर कधीच फेल होत नव्हती," तो म्हणाला. "नवा सर्व्हर घेतला, तिथं टेस्ट चालवायला लागलो, आणि हे सुरू झालं. मशीन चांगली झाली आणि टेस्ट बिघडली."

"मशीन चांगली झाली म्हणूनच बिघडली," मी म्हणाले. "तुझ्या सर्व्हरवर लिनक्स आहे. फाइलवरची वेळ तिथे नॅनोसेकंदापर्यंत लिहिलेली दिसते, सेकंदानंतर नऊ आकडे. ते बघून आपल्याला वाटतं की घड्याळ फार बारीक आहे. पण फाइलवर शिक्का मारताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, दर वेळी नवी वेळ बघत नाही. घड्याळाच्या शेवटच्या ठोक्याला जी वेळ होती तीच मारतो. सेकंदाला 250 ठोके असतील तर दोन ठोक्यांमध्ये 4 मिलिसेकंद. तुझी सगळी टेस्ट त्या चार मिलिसेकंदांच्या आतच उरकते. मध्ये ठोका पडला तर पावती नवी ठरते. नाही पडला तर पावती आणि पट्टी दोन्हींवर एकच वेळ, आणि तुझ्या नियमाप्रमाणे पावती 'नवी' नाही. जुना लॅपटॉप हळू होता, त्याच्याकडे मध्ये ठोका पडायचाच."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग लगेच उत्तर तयार. "मग सोपं आहे की. मध्ये दोन सेकंद थांबवतो."

"दोनच का?"

"एक टाकून बघितला होता. सर्व्हरवर भागलं. पेन ड्राइव्हवर फाइली ठेवून चालवली तर परत फेल."

हे ऐकून मला खरंच आनंद झाला, कारण हा आकडा त्याला चाचपडत सापडला होता आणि त्यामागे एक जुनं कारण आहे. जुन्या पेन ड्राइव्हवर फॅट नावाची फाइलींची व्यवस्था असते. तिच्यात बदलाच्या वेळेतल्या सेकंदांसाठी फक्त पाच बिट ठेवलेत. पाच बिटांत 0 ते 31 एवढेच आकडे मावतात, साठ सेकंद मावत नाहीत. म्हणून तिथे सेकंद जोडीजोडीने मोजतात. डॉसच्या काळात जागा वाचवायला केलेली ही तडजोड आजही दुकानदाराच्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर जिवंत आहे.

"मग बरोबरच झालं की," तो म्हणाला. "दोन सेकंद थांबलं की जगातल्या कुठल्याही मशीनवर भागतंय."

"अशा टेस्ट किती आहेत तुझ्याकडे?"

"चाळीस."

"म्हणजे दर वेळी ऐंशी सेकंद नुसते बसून काढायचे. दिवसातून वीस वेळा चालवतोस. आज चालवशील, महिन्याने म्हणशील रात्रीच चालवू, आणि मग कधीतरी."

"मग थांबायचं नाही. फेल झाली की आपोआप परत चालवायची, तीन वेळा. एकदा पास झाली की पास. गूगलसारख्यांनासुद्धा हे चुकलं नाही, ताई. मी वाचलंय."

त्याने वाचलेलं खरं होतं. गूगलने 2016 साली स्वतःच सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास 16 टक्के टेस्ट कमीअधिक लहरी आहेत आणि टेस्ट जितक्या वेळा चालतात त्यातल्या साधारण 1.5 टक्के वेळा असा लहरी निकाल येतो. पण त्याच लिखाणात पुढे असंही होतं, की पास होणारी टेस्ट अचानक फेल दिसली तर त्यातल्या 84 टक्के प्रसंगांत मागे अशीच लहरी टेस्ट निघायची. म्हणजे लाल दिवा लागला तर शंभरातून चौऱ्याऐंशी वेळा काही बिघडलेलंच नाही, अशी सवय माणसाला लागते. मग उरलेल्या सोळांकडे बघतो कोण? मला या 84 ची भीती वाटते, कारण माझ्या कामात मी ते झालेलं पाहिलंय. लाल दिसलं की लोक चहाला जातात आणि येऊन परत बटण दाबतात.

"काट्यावर कट्टा ठेवला," मी म्हणाले, "पहिल्यांदा 49 किलो, दुसऱ्यांदा 49, तिसऱ्यांदा 50. मापाडी म्हणाला, एकदा पन्नास आले ना, पन्नासच लिहा. चालेल?"

"काट्याची गोष्ट वेगळी आहे," तो जरा चिडलाच. "काटा खऱ्या मालाचं वजन करतो. इथं टेस्टच बनावट आहे. विचार कर, मुनीम पावती लिहितो, पट्टी काढतो, चूक दिसते, दुरुस्त करतो. हे सगळं तो चार मिलिसेकंदांत करतो का? पापणी लवायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. दुकानात जे कधी घडणारच नाही, ते टेस्टमध्ये घडवून ती फेल झाली म्हणून रडायचं, याला काय अर्थ आहे? मी दोन सेकंद थांबतो तेव्हा मी मुनिमाची नक्कल करतो. उलट तीच टेस्ट जास्त खरी."

हा मुद्दा वजनदार होता. मी तो झटकून टाकू शकले नाही. टेस्टने वापरणाऱ्या माणसासारखं वागावं हे म्हणणं चूक नाही, आणि माणूस चार मिलिसेकंदांत काही करत नाही हेही खरं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांमधल्या लहरी टेस्टच्या 201 दुरुस्त्या तपासल्या होत्या. तिथेही सगळ्यात मोठा गठ्ठा वाट बघण्याच्या चुकांचाच निघाला. दुसरं काम पुरं व्हायच्या आत टेस्ट पुढे जाते, असा. तशा ठिकाणी नीट वाट बघणं हाच इलाज असतो. पण वाट बघायची ती कशाची? काम पुरं होण्याची. भाऊ वाट बघायला निघाला होता घड्याळाचा काटा सरकण्याची, आणि मला अडचण तिथे होती.

"मुनीम चार मिलिसेकंदांत करत नाही, मान्य," मी म्हणाले. "आता मला सांग, वजन होतं ते कॉम्प्युटर आणि पट्टी निघते ते कॉम्प्युटर एकच आहे का?"

"नाही. काट्याजवळ जुना डबा आहे. दुकानात दुसरा. पेन ड्राइव्हने फाइल आणतात."

"त्या जुन्या डब्याचं घड्याळ बरोबर चालतं?"

तो हसला नाही. "सेल गेलाय त्याचा. लाइट गेली की मागे पडतं. कधी कधी हातानं लावतात."

"मग असं समज. खरे सव्वापाच वाजलेत. पट्टी दुकानात पाच दहाला निघालीय. काट्यावर वजन दुरुस्त केलं, पण तिथलं घड्याळ वीस मिनिटं मागे. फाइलवर शिक्का पडला चार पंचावन्नचा. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की बदलाची वेळ मूळचीच राहते. पेन ड्राइव्हवरून ती फाइल दुकानात आली. तुझा प्रोग्राम काय करेल?"

"पट्टी पाच दहाची. पावती चार पंचावन्नची. पावती जुनी. पट्टी आहे तीच." त्याने कप खाली ठेवला.

"आता इथे मिलिसेकंदांचा काही संबंध आहे का? आणि दोन सेकंद थांबून हे सापडलं असतं का?"

"पण ही टेस्ट तर ते तपासतच नव्हती."

"तपासत नव्हती, पण बोट तिकडेच दाखवत होती. दोन्ही वेळा सारख्या असल्या तर काय करायचं, याचं उत्तर तुझ्या नियमाकडे नाही, एवढंच ती सांगत होती. सारख्या वेळेला जो नियम अडखळतो, तो उलट्या वेळेला पडणारच."

आत बाबा टीव्ही बघत होते. ते दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेत. दस्त नोंदणीची टेबलं त्यांनी तीस वर्षं सांभाळली. शिक्का, वेळ हे शब्द कानावर पडले आणि ते बाहेर आले.

"काय भांडण चाललंय रे शिक्क्याचं?"

भावाने सांगितलं. बाबांना फाइल म्हणजे पुठ्ठ्याची फाइल, तरी त्यांना सगळं लगेच कळलं. "एका दिवशी वीस-वीस दस्त यायचे आमच्याकडे. तारीख सगळ्यांची एकच. दस्त हजर केल्याचा दिवस आणि वेळ त्याच्यावर लिहायची, हे 1908 च्या कायद्यातच आहे, ते आम्ही लिहायचो. पण पुढचा कोणता, मागचा कोणता, हे वेळेवर सोडत नव्हतो. वहीत अनुक्रमांक. वर्ष लागलं की एकपासून, वर्ष सरेपर्यंत सलग. दोन दस्तांना एक नंबर नाही, मधला नंबर रिकामा नाही."

"म्हणजे फाइलला नंबर द्यायचा," भाऊ माझ्याकडे वळला. "प्रत्येक बदलाला एक वाढवायचा. पट्टीवर लिहायचं, सतरा नंबरच्या पावतीवरून काढली. पावती अठरा झाली की नवी पट्टी."

कल्पना चांगली होती, आणि जिथे लिहिणारा एकच हात असतो तिथे ती पुरेशीही असते. पण त्यानेच आधी मला सांगितलं होतं की मुनीम कधी कधी पावत्यांची फाइल सरळ एक्सेलमध्ये उघडून आकडा बदलतो. तिथे नंबर वाढवायला कोण बसलंय? रजिस्टरला कारकून असतो म्हणून अनुक्रमांक टिकतो.

"मग मजकूरच बघ," मी म्हणाले. "पट्टी काढताना पावत्यांच्या फाइलचा ठसा घ्यायचा. शा-256 घे. फाइल कितीही मोठी असू दे, 64 अक्षरांचा ठसा मिळतो आणि आत एक आकडा बदलला तरी ठसा पार बदलतो. तो पट्टीसोबत लिहून ठेव. पुढच्या वेळी पट्टी मागितली की फाइलचा ठसा पुन्हा घे आणि दोन्ही जुळतात का बघ. नवी का जुनी, हे विचारायचंच नाही. ज्या पावतीवरून हिशोब केला ती हीच का, एवढंच विचारायचं."

"आणि दर वेळी पूर्ण फाइल वाचायची? वेळ बघायची युक्ती लोकांनी उगीच काढली का? मेक 1976 पासून त्याच्यावरच चालतंय."

बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं मेक आजही फाइलींच्या वेळा बघूनच ठरवतं की काय नव्याने बांधायचं, हे खरंच आहे. हजारो फाइली असतात तेव्हा प्रत्येक वाचत बसणं परवडत नाही, आणि वेळ बघणं जवळजवळ फुकट असतं. म्हणून मी मेकला नावं ठेवत नाही. पण त्याच मेकला घड्याळं जुळत नसल्याचा इशारा छापावा लागतो, तुमचं काम अर्धवट झालेलं असू शकतं असं सांगावं लागतं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने मधला रस्ता काढलाय. तो फाइलची वेळ आणि आकार नोंदवून ठेवतो आणि आधी तेच बघतो. पण फाइलची वेळ त्याच्या स्वतःच्या नोंदवहीच्या वेळेइतकीच किंवा पुढची निघाली, तर तो त्या शिक्क्यावर विश्वास ठेवत नाही, आतला मजकूर उघडून बघतो. 48.20 चं 48.70 केलं तर आकारही तोच राहतो, एकही अक्षर कमी-जास्त नाही, म्हणून आकारावर विसंबून भागत नाही. पायथॉनसुद्धा आपल्या तयार फाइली वेळ आणि आकार बघूनच जुन्या ठरवायचा. 2018 मध्ये आलेल्या 3.7 पासून तिथे ठशावरून ठरवायची सोय झाली.

"तुझी दिवसाची फाइल केवढी असते?" मी विचारलं.

"दोन-तीनशे ओळी."

"वाच मग पूर्ण. हजारो फाइली झाल्या की गिटसारखं कर."

त्याचा शेवटचा बाण बाकी होता. "लिनक्सचा नवा कर्नल टाकला तर? 6.13 मध्ये हे सुधारलंय म्हणे."

सुधारलंय. 2025 च्या जानेवारीत आलेल्या त्या कर्नलमध्ये, एखाद्या फाइलची वेळ कुणी बघून गेलं असेल तर पुढच्या बदलाला बारीक वेळ मारली जाते. त्याच्या सर्व्हरवरची टेस्ट कदाचित तेवढ्यानेच हिरवी झाली असती. "आणि काट्याजवळच्या डब्याला सेल कोण घालणार?" एवढंच मी विचारलं.

पण एका गोष्टीत तो बरोबर होता आणि मी चुकत होते. ठसा आला म्हणजे वेळेच्या टेस्ट काढून टाकू, असं मी म्हणून गेले. तो म्हणाला, "काढायच्या का? उद्या दुसरं कुणीतरी येईल, ठसा हळू वाटतोय म्हणेल आणि परत वेळ बघायला लागेल. तेव्हा ओरडायला कुणीतरी पाहिजे ना." आणि त्याने लॅपटॉप उघडला.

पुढचा अर्धा तास मी नुसती बघत बसले. थांबायची ओळ त्याने काढून टाकली. त्या जागी फाइलींना आपल्या हाताने वेळ दिली. पायथॉनमध्ये ओएस.यूटाइम म्हणून एक साधी सोय आहे, हव्या त्या फाइलला हवी ती वेळ लावता येते. पहिल्या टेस्टमध्ये पावती आणि पट्टी दोघींना एकच वेळ. दुसरीत पावती पट्टीच्या वीस मिनिटं मागे. तिसरीत पट्टीवर पुढच्या वर्षाची तारीख, घड्याळ चुकून पुढे लागलं होतं असं धरून. तिन्हींत वजन 48.20 चं 48.70 केलेलं, आणि तिन्हींत नवी पट्टी निघालीच पाहिजे. जुन्या कोडवर त्या चालवल्या. तिन्ही फेल. परत चालवल्या, तिन्ही फेल. दहा वेळा, दहाही वेळा.

हा क्षण मला फार आवडतो. कधी पडेल कधी नाही अशी टेस्ट दर वेळी हटकून पडायला लागली की अर्धी लढाई झालेली असते. आता ती धरून बसता येते, तिच्यावर काम करता येतं. भावाने ठसा घातला. तिन्ही पास झाल्या, आणि तीन मिळून दहा मिलिसेकंदही लागले नाहीत.

आणखी एक टेस्ट होती, ती सर्व्हरवर कायमच फेल व्हायची. नमुन्याची एक फाइल "गेल्या वर्षीची" आहे असं तिने गृहीत धरलं होतं. गिट फाइलींच्या वेळा साठवतच नाही, उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलवर त्या क्षणाची वेळ पडते. तिथेही हाताने वेळ लावली आणि ते मिटलं.

जेवण झाल्यावर त्याला एक सुचलं. ते मला सुचलं नव्हतं. सप्टेंबरपासूनच्या सगळ्या पावत्या आणि पट्ट्या त्याच्याकडे होत्या. जुन्या पट्ट्यांसोबत ठसा नव्हता, पण प्रत्येक पावतीवरून पट्टी पुन्हा काढून छापलेलीशी ताडून बघता येत होती. त्याने तशी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि चालवली. स्क्रीनवर बराच वेळ काही आलं नाही. मग एक ओळ आली.

एकच पट्टी जुळत नव्हती. पावतीत दुरुस्त केलेलं वजन होतं, पट्टीत आधीचं. फरक बरोबर अर्ध्या क्विंटलचा. पावतीच्या फाइलवरची वेळ पट्टीच्या अठरा मिनिटं मागची. 2025-26 च्या हमीभावाने 5,328 रुपये क्विंटल धरले तर 2,664 रुपये. हमाली, तोलाई वजा जाऊनही हा आकडा एका घरात दिवाळीच्या कपड्यांचा असतो.

भाऊ उठला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्याने दुकानदाराला फोन लावला, पट्टीचा नंबर सांगितला, तारीख सांगितली, आणि म्हणाला, "सेठ, चूक प्रोग्रामची आहे, माझी आहे. शेतकरी शिरूर ताजबंदकडचा आहे ना? उद्या सकाळी मी स्वतः नवी पट्टी घेऊन येतो, आपण दोघं मिळून त्यांना फोन करू." मग थोडं थांबून, "आणि काट्याजवळच्या डब्याचा सेलही घेऊन येतो."